अर्ध्या पाऱ्याची काच

— नाही नाही, त्या स्टुलावर नका बसू ताई, ते डुगडुगतं. डुगडुगतं म्हणजे काय, मीच त्याचा एक पाय बोटभर कापलाय — गिऱ्हाईक बसलं की दचकतं, दचकलं की हसतं, आणि हसलेलं गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं. तुम्ही ह्या खोक्यावर बसा. आणि तो कप — अहं, तो राहू द्या तिथंच, चहा ओतलाय त्यात, पण तो मांजराचा आहे. हो, आमचं मांजर चहा पितं. बिनसाखरेचा. तुम्हाला पेल्यात देतो. असं बघू नका, धुतलेला आहे पेला. बरं, आरसा ना? बोलू नका, मी ओळखतो, चेहरा बघून ओळखतो — वरच्या मजल्यावरच्या वर्गासाठी आरसा, चेहरा मावेल एवढा, ज्याचा त्यानं घरून आणायचा. हल्ली सगळे तेवढंच मागायला येतात. तुमच्याही आत कुणीतरी लपून बसलंय आणि त्याला भेटायचंय, असंच ना? भेटा की. माझं काय जातंय, माझा तर धंदा होतोय. पर्स राहू द्या, घाई नाही, चहा तरी उकळू द्या.

तर तो वर्ग. वर पाटी लागली तेव्हा मी खाली रस्त्यावर उभा राहून वाचली. मला वाचायला वेळ लागतो, एकेक अक्षर धरून, लहान पोराला रस्ता ओलांडून नेतात ना, तसं न्यावं लागतं. ध्या — न — व — र्ग. आत आलो आणि आमच्या हिला म्हटलं, अगं, तुझ्या नवऱ्याच्या नावानं वर्ग काढलाय वरती. कारण ही मला लग्नापासून ध्यानच म्हणते. टोपी उलटी घातली, काय ध्यान आहे. पाहुण्यांच्या चपला एकमेकींना बांधून ठेवल्या, काय ध्यान पदरात पडलंय. मी म्हटलं, बघ, तू म्हणायचीस ते आता लोक पैसे देऊन शिकतायत. ती हसली का? हसली. म्हणजे — तेव्हा मला वाटलं हसली.

मग वर्गाच्या मॅडम खाली आल्या. बाई चांगल्या, आवाज असा की आपल्यालाच झोप यावी. म्हणाल्या, काका, प्रत्येक माणसाच्या आत एक दडवलेला माणूस असतो, आपण त्याला कोंडून ठेवलेलं असतं, त्याच्याशी बोललं की माणूस मोकळा होतो, वर चढतो. मी म्हटलं, जिना तर आहेच. त्यांना कळलं नाही. त्यांना एका छोट्या खोलीत मोठा आरसा हवा होता, भिंतीत बसवलेला. मंद दिवा, एक खुर्ची, माणूस एकटा आत जाणार, दार लावणार आणि आरशातल्याशी बोलणार. आता गंमत अशी ताई, की त्या खोलीच्या भिंतीपलीकडं माझी अडगळीची खोली आहे, वरतीच, काचा ठेवायची. भिंत म्हणजे नुसती फळी. आणि माझ्याकडं एक काच पडून होती, एका साहेबाच्या केबिनमधली काढून आणलेली. तिला पारा अर्धाच असतो. साहेब आत अंधारात बसतो, त्याला बाहेरचे सगळे दिसतात, कोण काम करतो, कोण जांभई देतो. बाहेरच्यांना दिसतं फक्त आपलंच तोंड. दिवा ज्याच्या बाजूला, त्याला तो आरसा. अंधार ज्याच्या बाजूला, त्याला ती खिडकी. मॅडम म्हणाल्या आरसा लावा. मी म्हटलं, लावतो की. आरसाच लावला. अर्धा.

नाही, तसं वाईट मनात काही नव्हतं. नुसत्या काड्या करायच्या. जन्मभर मी काड्याच केल्या — पण ह्या वेळी खरोखरची काडी, आगपेटीतली. पलीकडं माणूस आरशात बघत बसलेला असला, की मी अडगळीत माझ्या तोंडाजवळ काडी ओढायची. एवढंसं उजेडाचं थोबाड, म्हणजे माझं, त्याच्या आरशातल्या तोंडावर उमटायचं. त्याच्या गालावर माझ्या सुरकुत्या, त्याच्या ओठावर माझी मिशी. आणि फूं. गेलं.

पहिले सापडले ते औषधवाले. तुम्ही ओळखत नसाल, कोपऱ्यावर दुकान आहे, सुट्टे नाहीत म्हणून खोकल्याच्या गोळ्या देणारे. आत आले, दार लावलं, मागं वळून बघितलं, कंगवा काढला, आणि आरशाला काय म्हणाले माहितीये? म्हणाले, तू देखणा आहेस रे, कुणाच्या लक्षात नाही आलं एवढंच. मी आत तोंडात रुमाल कोंबला. मग ओढली काडी. ताई, तो माणूस खुर्चीसकट मागं गेला. मला वाटलं, झालं, आता वरात निघते आपली. तर बाहेर जाऊन मॅडमना सांगतात, दिसला. माझ्या आतला दिसला. म्हातारा आहे, दात पडलेला आहे, पण डोळ्यांत काय तेज. मॅडमनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, तुमची प्रगती फार लवकर झाली.

मग काय विचारता. बाकीच्यांचा जळफळाट. आम्हाला का दिसत नाही, आमचं काय चुकतंय. मी म्हटलं, कुणाला नाराज करायचं नाही. तुम्ही खरं सांगू का, ह्या अख्ख्या रस्त्याचं अंतरंग म्हणजे मी आहे. सगळ्यांच्या आत माझीच मिशी. ते रिटायर झालेले हेडमास्तर — ताठ, इस्त्री केलेला माणूस — त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, माझ्या आत एक अडाणी, खोडकर म्हातारा दडलेला आहे, मी त्याला आयुष्यभर छड्या मारल्या, आता मी त्याला माफ करतो. मला माफ केलं हो त्यांनी. मी खाली काच पुसत होतो, मला एकदम हलकं वाटलं.

पण एक सांगतो, हेडमास्तर पहिल्यांदा आत बसले तेव्हा मी काडी ओढलीच नाही, ती पुढच्या वेळी. म्हणजे ओढणार होतो. ते आरशासमोर बसले आणि त्यांनी हात पुढं केला. असा, तळवा वर. आणि नुसते बसून राहिले, कुणीतरी मारणार आहे अशा तोंडानं. चांगला वेळ. आता ह्यात हसण्यासारखं काय आहे? आहे, आहे, पण तेव्हा मला सापडेना. — पेला गरम आहे, कडेला धरा. पर्स मांडीवर कशाला, ठेवा की खाली. पैशाचं नंतर बघू म्हटलं ना. माप सांगा हवं तर. नको, तोंडी नको, तोंडी सांगितलं तर माझा घोळ होतो.

त्या दोऱ्यांकडं बघताय? खिळ्यावरच्या? ती आमच्या हिची पद्धत. मला सहा आणि नऊ एकच दिसतात. ह्याचं पोट इकडं का तिकडं, अजून कळत नाही. एकदा एका बाईंच्या कपाटाच्या काचा अशा कापल्या की मांजरालाही — असो. तेव्हापासून मापं घ्यायला ही जायची. आकडे नाहीत, टेप नाही, एक दोरा. साधी गाठ मारली की तिथं लांबी संपली. सुरगाठ मारली, ओढली की सुटणारी, की तिथं रुंदी संपली. असा दोरा ह्या बाजारात दुसऱ्या कुणाकडं नाही. दुसरे काचवाले हसायचे. मी त्यांना सांगायचो, आमच्याकडं परदेशी पद्धत आहे. आमची गाडी त्या दोऱ्यावर चालली, ताई. आता आकडे घेऊन येतात लोक, मी त्यांना म्हणतो, कागदच कापून आणा त्या आकाराचा. चालतंय. मस्त चाललंय. एकट्या माणसाला बरं असतं, कुणी टोकत नाही. मला चांगलं करमतं.

ती? ती बहिणीकडं गेलीय. हवापालटाला. येईल की. तिकडं हवा चांगली आहे म्हणतात, येईल तेव्हा येईल.

हां, तर सांगत काय होतो — हिनं वर्गात नाव घातलं. मला न विचारता. मी म्हटलं, तुला कशाला? म्हणाली, मला माझ्या आत बघायचंय. मी म्हटलं, आत काय असणार, कालची भाजी. डबा घासत होती, घासत राहिली. मला वाटलं, ही तर मेजवानीच चालून आली. ही आरशासमोर बसणार, माझ्या तक्रारी सांगणार — मिशी भुवईपाशी नेऊन मी तोंड कसं करायचं तेसुद्धा ठरवून ठेवलं. तिच्या सासूसारखं करायचं, म्हणजे माझ्याच आईसारखं. मला सगळ्यांचे आवाज येतात, ताई. इन्स्पेक्टरचा, आईचा, घरमालकाचा, रडणाऱ्या पोराचा. सांगा कुणाचा काढू. बरं, नको.

ती आली. मी अडगळीत खोक्यावर बसलेलो, काचांच्या मध्ये, आगपेटी हातात. दार लावलं. खुर्चीवर बसली. केस नीट केले नाहीत, काही नाही. रुमाल काढला आणि आधी काच पुसली. सवय हो. काचवाल्याची बायको, डाग दिसला की हात जाणारच. आणि पुसता पुसता तिनं बोटाचं नख काचेला टेकवलं. आता ही आमच्या धंद्यातली गोष्ट आहे, नख टेकवलं की कळतं काच कसली आहे. साध्या आरशात आपलं नख आणि आरशातलं नख ह्यांच्यात फट दिसते. ह्या काचेत फट नसते. नखाला नख भिडतं. तिनं बघितलं. मी बघितलं की तिनं बघितलं. पण तोंडावरची रेघ हलली नाही, म्हणून म्हटलं, नसेल लक्षात आलं. तिचा पारा चढला की नाक लाल होतं, तेही झालं नव्हतं.

मग बोलायला लागली. आतल्याशी, तिच्या आतलीशी. म्हणाली, तू आत बसलीयेस ना अंधारात, ऐक. तुला हसू येत नाही आता. तू हसल्यासारखं करतेस. लोकांसमोर करतेस, घरात करतेस, झोपेतसुद्धा करत असशील. म्हणाली, ह्यांना सगळ्यांचे आवाज येतात, पण ह्यांचा स्वतःचा आवाज कसा आहे ते तुला माहीत नाही. ऐकलाच नाहीस. म्हणाली, दवाखान्यात होतीस, पोटाचं ऑपरेशन झालेलं, तेव्हा हे भेटायला आले ते मोठ्या डॉक्टरचा आवाज काढत आले. आजींचं दुसरं पोट कुठं ठेवलंय, असं दारातून ओरडले. सगळा वॉर्ड हसला. तूही हसलीस. टाके दुखले. तुला वाटत होतं, हे खुर्ची ओढून जवळ बसतील. खुर्ची होती तिथं रिकामी.

चांगला विनोद होता तो, ताई. नर्स पोट धरून हसत होत्या. अजून कुणी भेटली तर आठवण काढते. खुर्चीचं मला काय माहीत. मला खुर्ची दिसलीच नाही. आणि दिसली असती तरी — माणूस तिथं बसून करणार काय? नाकात नळी घातलेली, तोंड असं पिवळं पडलेलं. तिच्याकडं बघून काय बोलणार? बोलताच येईना म्हणून तर आवाज काढला. म्हणजे तसं नाही. विनोद सुचला म्हणून काढला. चहा प्या.

पुढं ऐका. मी म्हटलं, बोलू दे, आतलीशी बोलतेय, आपल्याला काय. आणि एवढ्यात ती थांबली, काचेत अगदी नीट बघितलं, आणि म्हणाली — अहो.

कळलं का तुम्हाला? इतका वेळ तू, तू, तू. आणि मग अहो. स्वतःला कुणी अहो म्हणतं का? अख्ख्या जगात ती अहो म्हणते ते एका माणसाला. माझ्या हातात आगपेटी तशीच. म्हणाली, अहो, मी बहिणीकडं चाललेय. कायमची. एक वाक्य बोला. एकच, सरळ. कुणाचा आवाज न काढता. बोललात तर राहते.

आता तुम्हीच सांगा, दोन शब्दांचं काम होतं. पोरसुद्धा बोलेल. ते तोंडात आलेसुद्धा, जिभेच्या टोकावर येऊन बसले. म्हटलं आधी काडी ओढू, तोंड तरी दिसू दे आपलं तिला, मग बोलू. ओढली. तिच्याकडचा दिवा चालू, माझ्याकडची काडी चालू — तिचं कपाळ, त्याच्यावर माझ्या भुवया, तिचे डोळे आणि माझं नाक, दोघांचं मिळून एकच तोंड झालेलं, लग्नाच्या फोटोतसुद्धा आम्ही एवढे जवळ नव्हतो. ती बघत होती. वाट बघत होती. आणि मी —

जीभ काढली. काय करू, निघाली. अशी, हे डोळे वर करून. सवय आहे ती, हात भाजला की झटकतो ना आपण, तसं. मी नाही काढली, निघाली.

ती म्हणाली, काय ध्यान आहे. नेहमीचंच वाक्य, पण नेहमीसारखं नाही म्हणाली. हळू म्हणाली. आणि हात लांब करून तिच्याकडच्या दिव्याचं बटण बंद केलं.

तुम्हाला मघाशी सांगितलं ना, दिवा ज्याच्या बाजूला, त्याला तो आरसा. तिकडं अंधार झाला आणि उजेड राहिला फक्त माझ्या काडीचा. ती गेली काचेतून. पुसल्यासारखी गेली. आणि समोर कोण? जीभ बाहेर काढलेला एक म्हातारा. एकटाच. अडगळीत, खोक्यावर. इतके दिवस लोकांना दाखवला, मी कधी बघितला नव्हता. दात पडलेला आहे हे खरं, पण ते तेज की काय म्हणाले होते ना औषधवाले — ते काही मला दिसलं नाही. काडी संपेपर्यंत बघत होतो. बोट भाजलं. हे बघा, डाग आहे अजून. मोठा विनोद झाला, स्वतःच लावलेली काच आणि स्वतःच —

हसा की. तुम्ही अगदीच हसत नाही बुवा. वर्गात जाऊन जाऊन माणसं अशी होतात.

मग ती काच मी काढली. मॅडमना सांगितलं तडा गेला. म्हणून तर सगळे हातातले आरसे मागतात. बिचाऱ्यांना त्यात काही दिसत नाही. हेडमास्तर परवा येऊन गेले, इथंच बसले, डुगडुगत्या स्टुलावर, दचकले पण नाहीत. म्हणाले, तो हल्ली येत नाही हो, माझ्या आतला. तो काही बोलायचा नाही, पण सोबत वाटायची. मी समोर उभा आहे, माझी मिशी त्यांच्या नाकासमोर, आणि मला विचारतायत. मी म्हटलं, येईल, कुठं जातोय. — असू दे. काढा आता ती पर्स, मघापासून घट्ट धरून बसलायत. कागद आणलाय ना कापून?

हे काय?

दोरा.

उजेडात धरा जरा.

ही सुरगाठ तुम्ही मारलीत? नाही ना. तुम्हाला अशी येणार नाही, ही डाव्या हाताची आहे. ती डावखुरी आहे. मग मघाशीच सांगायचं. हो, मी बोलू दिलं नाही. तुम्ही वर्गाच्या नाहीत. तुम्ही बहिणीच्या — शेजारच्या? भिंतीला भिंत? बरं. बरं. मग हे सगळं मी तुम्हाला — जाऊ दे. तिनं सांगितलंच असेल. नाही? काहीच नाही? फक्त दोरा दिला आणि ह्या दुकानात द्या म्हणाली.

कशाची काच? खिडकीची. फुटली? कशी? वाऱ्यानं. वाऱ्यानं काच फुटत नाही ताई, तावदान आपटतं तेव्हा फुटते, खिट्टी लावायला विसरली असेल. ती खिट्टी विसरत नाही कधी. तिकडं काचवाला नाही का कुणी? आहे. समोरच? मग समोरच्याला सोडून इतक्या लांब दोरा कशाला पाठवायचा? मला काय विचारताय म्हणजे — मी तुम्हाला विचारतोय. थांबा, सोडू नका ती गाठ. ओढू नका. द्या इकडं.

बारकी खिडकी दिसते. वारा लागत असेल तिला. कानाला लागला की तिचं डोकं धरतं. पुठ्ठा लावलाय? तेवढं बरं.

निरोप काही? नाही. माझ्याकडून? हां, सांगा की, निरोप काय, निरोपाला काय झालं. सांगा, इन्स्पेक्टर चौकशीला येऊन गेले, दुकानातला एक ऐवज हरवलाय — नको. हे नको. सांगा, घरमालक म्हणतो — नको, त्याचं तर मुळीच नको. थांबा. सांगा की, काच काय, कापून देईन, पण बसवायला माणूस लागतो, पुट्टी नीट दाबावी लागते, तुमच्या समोरच्याला ते जमणार नाही. हे सरळ आहे का? नाही. हे काचेचं झालं.

घ्या, चहा राहिलाच तुमचा. मांजराचाही थंड झाला.

हां. असं करा. तिला म्हणावं, मांजराला करमत नाही. एवढंच सांगा. मांजराला मुळीच करमत नाही, म्हणावं. दुसरं काही घालू नका त्यात, हसून सांगू नका.

कुठं बघताय? खोक्यामागं बघू नका ताई. मांजर नाहीये. आमच्याकडं कधीच नव्हतं, तिला माहीत आहे ते.

जा तुम्ही आता. पेला राहू द्या, मी धुतो. आणि दोरा इथंच राहील.